मामांचे पेले आणि माझ्या उभ्या भिंती

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (रीत म्हणून लिहिलेला नाही. या खेपेला खरोखरच आडवी पडले आहे.) तुमची कंबर कशी आहे? मामीच्या हाताचा कंप कमी आहे ना? इकडे सगळे ठीक, म्हणजे आई ठीक आणि मी तोंड लपवून.

दोन महिने झाले, मी फोन केला की तुम्ही "मामीला देतो" एवढंच म्हणता. तेव्हा औषधाच्या ट्रेचं पुढे काय झालं, ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकते. गोळ्या काढताना मामीचा हात थरथरतो, निम्म्या गोळ्या पलंगाखाली जातात, हे बघूनच मी तो ट्रे कंपनीत कागदावर काढायला घेतला होता. सात वारांचे सात खोल कप्पे. पण तुमच्या वर्कशॉपात आले ती ड्रॉइंगवर साहेबांची सही झाल्यावर. विचारायला नव्हे, दाखवायला. प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढण्यात तुमची तीस वर्षं गेली, माझं पहिलं खेळणं तुमच्याकडचा टाकाऊ ट्रे होता, आणि तरी माझ्या लेखी तुम्ही म्हणजे शेवटी नुसतं करून देणारे.

तुम्ही ड्रॉइंगवर बोट फिरवलंत. मग चहाचे तीन पेले उचलून एकात एक घातलेत, काढलेत, परत घातलेत. मला वाटलं, उष्टे पेले पडलेत म्हणून सुचवताय. मी म्हटलं, राहू द्या मामा, मी विसळते, आणि खरंच विसळले! (हे आठवलं की आता कानशिलं तापतात.) तुम्ही एवढंच म्हणालात, "भिंती अगदी उभ्या आहेत गं." मी म्हटलं, "हो ना, किती छान दिसतात." त्यावर तुम्ही ड्रॉइंग बदलावं लागेल म्हणालात आणि मी, आता कसं बदलणार, म्हणून तोच कागद उचलून दुसरीकडे साचा करायला दिला.

तर तिथली चाचणी. शीट साच्यावर झकास बसली. इतकी झकास, की उठेचना. थंड होता होता तिनं साच्याला असं आवळून धरलं की आधी एक कारागीर, मग दोन, मग मी, असे तिघे ओढत होतो. अखेर ट्रे सुटला आणि आम्ही तिघे जमिनीवर बसलो. (माझ्या कंबरेबद्दल आईला सांगू नका.) साहेबांनी कौतुकानं स्वतःची रक्तदाबाची गोळी खिशातून काढून बुधवारच्या कप्प्यात टाकली. ती खालून बाहेर आली. खोल कोपऱ्यापर्यंत पोचता पोचता प्लास्टिक ताणलं जाऊन कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ राहिलं होतं. साहेब बराच वेळ त्या भोकातून माझ्याकडे बघत होते.

त्या रात्री घरी पेले विसळून एकात एक ठेवले आणि सकाळी काढताना एकदम उजेड पडला. पेल्याच्या भिंतींना ढाळ असतो म्हणून तो निघतो; माझ्या उभ्या होत्या. तुम्ही मला अख्खी विद्या दोन मिनिटांत दाखवली होती आणि मी तिला साबण लावला.

साचा मोडीत गेला त्याचं मला फारसं काही नाही. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, त्याचं आहे. चूक माझी होती, मामा.

तुमची,
भाची

ता. क. सोमवारी कंपनीत आम्ही नवा ट्रे काढायला बसतोय. कागद अजून कोरा आहे. पहिली रेघ मारायच्या आधी तुम्ही शेजारी बसाल का? साहेबांनी विचारलं, साचेवाले इतक्या लवकर येऊन काय करणार. मी म्हटलं, चहा पितील.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामीचा फोन आला. ट्रे फार छान झालाय, दीड महिन्यात एक गोळी सांडली नाही, म्हणाली. (इतके दिवस ट्रेचं नाव निघालं की लाजेनं मीच विषय बदलत होते.) मी विचारलं, कुठला ट्रे? तर म्हणे सात कप्प्यांचा, तिरप्या भिंतींचा, गोल कोपऱ्यांचा. मी ड्रॉइंग घेऊन निघून गेले त्याच संध्याकाळी तुम्ही लाकडाचा साचा कोरायला घेतलात म्हणे. आणि तिला देताना सांगितलंत, "भाचीनं काढलाय."

सोमवारी नक्की या. पेले आमच्याकडे आहेत. तुमचं दाखवून होईपर्यंत मी ते विसळणार नाही.