अण्णांसमोर मुद्दाम हरताना

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून अण्णा आपल्याकडे. माझ्या वडिलांनी जन्मभर कपडे शिवले आणि अर्धांगाच्या झटक्याने नेमका उजवा हातच धरला. झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांना काय, त्यांची बटणं त्यांना लावता येतात.
थेरपिस्ट बाई दर गुरुवारी येणार. त्या म्हणाल्या, हाताला काम द्या पण खेळीमेळीचं. पत्ते धरायचे, फासा टाकायचा. चिंगीचा प्राण्यांच्या खेळांचा डबा कपाटावर पडून आहेच. या विभागाची जबाबदारी मी उचलली.
संकल्प : पहिले पंधरा दिवस अण्णांना जिंकू द्यायचं. त्यांना पत्ता लागता कामा नये. नाजूक काम आहे, पण मी विमा कंपनीत जोखीम विभागात एकोणीस वर्षं काढली आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्या. ७
‘होडी’ खेळलो. फाशाच्या पाच बाजूंना ससा, हत्ती, माकड वगैरे, सहावीला बेडूक. फासा हवा तितक्या वेळा टाका, दर वेळी एक प्राणी होडीत. थांबलात तर सगळे सुखरूप काठावर. बेडूक आला तर होडी उलटली, सगळे पाण्यात. ज्याचे वीस आधी काठावर, तो जिंकला.
अण्णा वीस, मी तीन. मुद्दाम हरलो. अर्थात आठपर्यंत जायला हरकत नव्हती.

६ फेब्रुवारी, गुरुवार
हरलो. (मुद्दाम.) संशय येऊ नये म्हणून तिसरा डाव जिंकायचं ठरवलं होतं. तोही हरलो. बेडूक ओळीने चारदा. यामुळे संशय आणखी कमी झाला असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार
चिंगीने आज खाजगीत विचारलं, बाबा, तू मुद्दाम हरतोस का रे? आठ वर्षांच्या पोरीची नजर! अभिमान वाटला. गुपित सांगितलं, कुणाला सांगू नको म्हणालो. ती तडक आजोबांकडे गेली.
अण्णा इतके हसले की बायकोला पाणी घेऊन धावावं लागलं. मग मला बोलावून म्हणाले, बाळा, आजपासून दयामाया नको. खरा खेळ.
ठीक आहे. त्यांनीच मागितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
खरा खेळ. हरलो.
निरीक्षण : अण्णा होडीत चार प्राणी झाले की थांबतात. दर वेळी. किती भित्रा खेळ! मी विचारलं, पुढे का जात नाही? म्हणाले, मापापर्यंत कात्री चालवायची, पुढे गेली की कापड वाया. शिंप्याचा हिशेब. यात शास्त्र नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
ऑफिसात लंचनंतर कॉम्प्युटरवर फाशाची नऊशे वेळा चाचणी घेतली. शेजारच्या टेबलावरच्या बाई डोकावून म्हणाल्या, इतकं कशाला? पाच झाले की थांबा. त्या या विभागात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली. मी नुसता हसलो.
संध्याकाळी एका होडीत अकरा प्राणी! चिंगी खुर्चीवर उभी राहिली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, थांब आता. अण्णासुद्धा म्हणाले, थांब. अशा क्षणी सामान्य माणूस थांबतो.
बेडूक.

१५ फेब्रुवारी, शनिवार
फाशाचा नाद सोडला. नशिबाचा खेळ, त्यात गुणवत्तेला वाव नाही. आता पत्ते. ‘लबाड मांजर’. पत्ता पालथा टाकायचा आणि प्राणी सांगायचा, खरा किंवा खोटा. समोरच्याला संशय आला तर तो म्याव म्हणणार. खोटं पकडलं गेलं तर सगळा गठ्ठा आपल्या गळ्यात. हात मोकळा होईल तो जिंकला.
हा माझा खेळ. माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नाही.
अण्णांच्या बोटांत पत्ते टिकत नाहीत, घसरून टेबलावर उताणे पडतात. त्यामुळे मला ते आपोआप दिसतात. मी मुद्दाम बघत नाही, पण डोळे काही मिटूनही घेत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
थेरपिस्ट बाईंच्या सांगण्यावरून अण्णा कपड्यांचा ब्रश पालथा ठेवून त्याच्या केसांत पत्ते खोचतात. आता मला काही दिसत नाही. सलग पाच डाव हरलो. मी पत्ता खाली ठेवायच्या आतच चिंगी म्याव करते. विचारलं, तुला कळतं कसं? म्हणाली, तुझे कान लाल होतात.
हे वैद्यकीयदृष्ट्या अशक्य आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कानांवरून येणारी लोकरीची टोपी घालून खेळलो. बाहेर उकाडा. टोपीमुळे घाम आला. घामावरून पकडलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज शांतपणे मुद्दा मांडला की ब्रश हे बाहेरचं साधन आहे, सगळ्यांना समान नियम हवेत.  बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. सोळा वर्षांच्या संसारात हे पाहणं मला तीनदाच मिळालं आहे.
मुद्दा मागे घेतला. तत्त्व म्हणून तो बरोबरच होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
आठ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखे निकाल नव्हते.

५ मार्च, बुधवार
नवी अडचण. अण्णांनी ब्रश बाजूला ठेवला आणि सात पत्ते उजव्या हातात पंख्यासारखे धरले. एकही घसरला नाही. आता ते पत्ते छातीशी धरतात, म्हणजे ब्रशच्या वेळी शेजारच्या काचेच्या कपाटात जे थोडंफार दिसायचं तेही बंद. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला माझी अवस्था कळली असावी.

८ मार्च, शनिवार
अप्रिय प्रसंग. पुन्हा होडी. माझे सोळा, अण्णांचे सोळा. होडीत माझे तीन. बेडूक. मी फासा उचलला आणि तो हातातून निसटला. भिंतीला लागून खिडकीबाहेर निसटला. चिंगी म्हणाली, बाबाने फेकला. अण्णा म्हणाले, अगं, निसटला. पण ज्या सुरात म्हणाले, त्यापेक्षा फेकला म्हटलेलं परवडलं असतं.
बॅटरी घेऊन झुडपं धुंडाळली. मिळाला नाही. खालच्या मजल्यावरचे न्हावीकाका गॅलरीतून म्हणाले, काय हरवलं? मी म्हणालो, कागदपत्रं.

१३ मार्च, गुरुवार
अण्णांनी चार दिवस खपून नवा फासा केला. लाकडी ठोकळा पॉलिश पेपरने घासला आणि बारीक कुंचल्याने सहा चित्रं काढली. हत्तीच्या पापण्यासुद्धा आहेत. थेरपिस्ट बाईंनी फासा तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिला, मग अण्णांचा हात हातात घेतला आणि वहीत पानभर लिहिलं.
माझी तक्रार वेगळी आहे. बेडकाला चष्मा काढलाय. घरात चष्मा फक्त मला आहे.

२१ मार्च, शुक्रवार. संध्या. ७.४०
जिंकलो!!!
वीस–सतरा. अगदी निखळ, शास्त्रशुद्ध विजय. अण्णांचं गणित कोलमडलं. शेवटच्या चार पाळ्यांत ते एकेकच प्राणी घेऊन थांबत होते, पार बावरले होते. ताईला फोन केला. ती म्हणाली, बरं, आणि अण्णांचा हात? मी म्हणालो, हात ठीक आहे गं, तू स्कोअर ऐक.

२२ मार्च, शनिवार
चिंगीशी बोलणं झालं. तिच्या म्हणण्याप्रमाणे अण्णा तिला म्हणाले होते, तुझा बाप जेवत नाही धड. एक डाव त्याला द्यावा लागेल. तिने बाहेर सांगायचं नाही, असं वचन दिलं होतं. हे वचन सतरा तास टिकलं.
ताईला परत फोन केलेला नाही.

२७ मार्च, गुरुवार
थेरपिस्ट बाईंनी काम संपल्याचं सांगितलं. हात उत्तम. अण्णा रविवारी आपल्या घरी जाणार, अर्धा दिवस दुकानही उघडणार. घर बसने दीड तासावर.
जाताना बाईंनी मला बाजूला घेतलं. वाटलं, आभार मानतील. म्हणाल्या, घरातल्या माणसांवरही ताण येतो, कुणाशी बोलावंसं वाटलं तर सांगा.

३० मार्च, रविवार. सकाळ
अण्णांनी आणखी महिनाभर का राहावं, याचा तीन पानी जोखीम-अहवाल केला होता. जिना, एकटेपणा, कात्री, इस्त्री. चहानंतर वाचायला घेतला. अण्णा समोर उभे राहून शर्ट घालत होते. मी पहिल्या पानाच्या शेवटाला पोचलो तेव्हा त्यांची सातही बटणं लावून झाली होती, कफांसकट.
म्हणाले, वाच ना पुढे.
पुढे वाचलं नाही. पुढे नीट दिसत नव्हतं. चष्म्याचा नंबर बदलला असावा.
जाताना चिंगीने खेळांचा डबा त्यांच्या पिशवीत घातला. मी विरोध केला नाही.

२ एप्रिल, बुधवार
घर शांत. संध्याकाळी सातला टेबल पुसलं. बायको म्हणाली, कशाला पुसतोयस? म्हणालो, धूळ होती.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्या. ७
अण्णांचा फोन. दोन पँट शिवून दिल्या, तिसरी कापायला घेतली आहे. रविवारी येताय का, म्हणाले. मी म्हणालो, बघतो, ऑफिसची कामं बरीच साठलीत. मागून बायको मोठ्याने म्हणाली, साडेनऊच्या बसने येतोय.
मग अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, चिंगी जवळ नाही ना? एक विचारायचं होतं. रविवारी एखादा डाव सोडू का तुला?
एकोणीस वर्षांचा अनुभव. स्वाभिमान नावाची काही चीज असते. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि दार लावलं.
म्हणालो, दोन सोडा.