चार बोटं उंच सीट

बुधवार

शेवटचा नट आवळून गाडी खाली घेतली. बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलला भंगारात मिळालेले नव्या मॉडेलचे शॉकअप अखेर बसले. कमरेच्या ऑपरेशनपासून आई खड्ड्यांच्या भीतीने मागे बसत नाही. तिच्यासाठीच हा खटाटोप. पण सीट चार बोटं उंच झाली. आधी जुन्या शॉकअपशेजारी धरून बघायला काय झालं होतं मला?

बाबा म्हणाले, "गाडीची घोडी केलीस रे!"

आईने सीट दाबून पाहिली. "मऊ झालीय हो. पण चढू कशी?"

चार बोटं. नवे शॉकअप काढून टाकू का?

गुरुवार

सकाळी बाबांनी गाडीशेजारी जेवायचा पाट ठेवला. आई त्यावरून चढून बसली. "दे तो पाट," मला म्हणाली, "उतरायला लागेल." पाट मांडीवर घेऊन ती बाबांबरोबर मिरकरवाड्याला मासळी आणायला गेली.