दुसरा ताप

अहो,

प्रिय लिहिलं असतं, पण तुम्ही हसला असता. सगळा संसार झाला, आपण एकमेकांना कधी चिठ्ठी लिहिली न्हाय. आज लिहायला बसले, कारण सकाळी आपल्या जिल्ह्यातल्या वाशीच्या मीराचा फोन आला होता. आठवली का? मुंबईत धर्मशाळेत आपल्या शेजारी होती, तिच्या लेकीलाही तुमच्यासारखाच रक्ताचा कॅन्सर. पोरीला आता तुमचाच उपचार द्यायचा म्हणत्यात. रडत विचारत होती, "ताई, खरं सांगा, भाऊजी त्या पेशींनीच गेले का? देऊ का नको?" उद्या सांगते म्हणलं. आता तुम्हीच सांगा, काय सांगू?

गावाचं तर ठरलंय. "सवताच्याच रक्तानं खाल्लं मानसाला!" बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार?

तुम्हाला मात्र तो उपचार लगेच कळला होता. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, तुमच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं अन् परत अंगात सोडायच्या. मी नुसती मान हलवत होते. तुम्ही म्हणालात, "म्हंजे कुत्रं आपलंच, पन लांडग्याला पावना समजून शेपूट हलवतंय. त्याला आता वास द्यायचा, व्हय ना?" बाई कशा खळखळून हसल्या! जन्म शेळ्यांमागं गेला तुमचा, दुसरं काय सुचणार?

पेशी सोडल्या अन् तुम्ही तापानं फणफणलात. मी घाबरले. बाई म्हणाल्या, "पेशी कामाला लागल्यात. आम्ही आहोत लक्ष ठेवायला." तुम्ही कुडकुडत म्हणालात, "कुत्री भुकाय लागली बघ." त्यातून उठलात. मला वाटलं, आई तुळजाभवानी पावली.

अन् मग घराचा ध्यास! बाई सांगत होत्या, अजून काही दिवस दवाखान्याजवळ राहा. तुम्ही कुणाचं ऐकणार? "चंद्री गाभन हाय. ती माझ्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाय." शेळी तुमच्यापेक्षा शहाणी हो. तुम्ही गेल्यावर व्याली, बिनबोभाट, एकटीच.

गावी येऊन रुळतोय तोवर ऐन दुपारी परत ताप चढला. अन् तुम्ही खुश! "परत भुकाय लागली. राह्यलेला लांडगा बी मारत्याल. शिरा कर." मी फोन उचलला. ताप आला की आधी कळवा, असं बाईंनी बजावलं होतं. तुम्ही माझं मनगट धरलंत. "ठेव तो फोन. परत मुंबईला बोलवून घेत्याल." तव्यासारखा भाजत होता तुमचा हात.

शिरा केला मी. तुम्ही वाटी पुसून खाल्लात.

दिवस कलताना मला चंद्री म्हणून हाका मारायला लागलात, तेव्हा जीप आणवली. नळदुर्गला ढाब्यांपुढं ट्रकच ट्रक, ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, तुमचं डोकं माझ्या मांडीवर. इटकळच्या पुढं तुमचं कण्हणं थांबलं. सोलापूरचा दवाखाना लांबच राहिला.

एवढा कसला हट्ट हो? माझ्यापेक्षा त्या शेळीला तुम्ही जास्त लागत होता का?

तुमचे दिवस झाल्यावर बाईंचा फोन आला. निघायच्या आधी केलेल्या तपासणीत कॅन्सर कुठंच सापडला नव्हता. पहिला ताप पेशींचा होता, दुसरा जंतूंचा. या उपचारानंतर लई दिवस अंगात जोर नसतो, साधा जंतूही भारी पडतो, म्हणून तर जवळ राहा म्हणत होते, असं म्हणाल्या. ऐकलंत का? लांडगा मेला होता हो! तुम्ही जिंकून घरी आला होता. हे मी गावात कुणाला सांगितलं न्हाय. कॅन्सरनं गेला असता तर रडणं तरी सोपं गेलं असतं.

खरं सांगू? आज दिवसभर मनात येत होतं, मीराला नको म्हणून सांगावं. असेल तितके दिवस लेक डोळ्यांपुढं राहील. पण ती पोर आठवली. धर्मशाळेच्या जिन्यात तुमच्याकडून शेळीगत ओरडायला शिकली होती, अन् मग दोघं मिळून सगळ्यांना दमवत होता. तिला कशी नको म्हणू?

उद्या सांगते मीराला, दे म्हणून. पेशींनी न्हाय गेले आमचे मालक, हेही सांगते, अन् गावातही सांगते. अन् तुम्हाला शब्द देते, पोरीचं अंग नुसतं कोमट लागलं तरी मीरा आधी डॉक्टरला फोन करील, शिरा नंतर. ती घाबरली तर मी करीन. "ठेव तो फोन" म्हणायला आता तुम्ही न्हाय.

तुमचीच,
सुमन