चार ओळींची शिफारस

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, विद्यापीठाच्या विज्ञान विभागातली निवृत्त टंकलेखिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गेल्या महिन्यापासून माझा त्यावर फारसा विश्वास राहिलेला नाही.

१. माझे राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, थोरल्या भावाच्या मुलीला मिळावे. गॅलरीचे दार जरा उचलून लावावे लागते, हे तिला ठाऊक आहे. धाकट्या भावाने घरावर हक्क सांगू नये. आईच्या आजारपणात तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा चहात साखर कमी आहे म्हणाला.

२. बँकेतली ठेवही या पुतणीचीच. ती तिने पुढच्या शिक्षणासाठी वापरावी, असे आधी लिहिले होते. ते वाक्य खोडले आहे. तिला शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

३. विभागाने मोडीत काढलेले टंकयंत्र मी हौसेने विकत घेतले होते. ते भंगारात द्यावे. कारण सांगणे भाग आहे.

पदवीनंतर बाहेरच्या विद्यापीठांत अर्ज करणाऱ्या मुलांना विभागप्रमुखांचे शिफारसपत्र लागे. ती पत्रे मी टंकत असे. नमुने दोन होते, एक पानभर आणि एक चार ओळींचा. साहेब अर्जावर पेन्सिलीने ‘मोठे’ किंवा ‘छोटे’ लिहीत. ज्यांचे वडील साहेबांच्या उठण्याबसण्यातले, त्यांना मोठे. शिकवण्या घेऊन फी भरणाऱ्यांना छोटे. मला वाटे, ओळखच नाही तर माणूस लिहिणार किती? त्यात वाईट शब्द एकही नव्हता. ‘उमेदवार मेहनती, नियमित व सुस्वभावी आहे.’ मला कोणी असे लिहून दिले असते तर मी भिंतीवर लावले असते.

पुतणी विभागात दुसरी आली. “तुमच्या घरचीच मुलगी, तुम्हीच टंका,” असे म्हणून साहेबांनी पाच कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. आपल्याच मुलीची आपणच पानभर स्तुती करायची, हे मला बरे दिसेना. शिवाय मोठ्या पत्रात एखादी चूक राहून जाई, छोटे हातात बसलेले. मी छोटे निवडले. पाचही ठिकाणांहून नकार आला, तेव्हा मी तिला म्हणाले, “तुझंच कुठेतरी कमी पडलं असेल.” त्याला तेरा वर्षे झाली. ती औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटे तपासते.

गेल्या महिन्यात साहेब पाय मोडून घरी पडले, म्हणून भेटायला गेले. गप्पांत ते म्हणाले, “बाई, तुमचं काम चोख. छोटं पत्र पाहिलं की समोरचे समजायचे, याला घ्यायचं नाही. आपल्याला तोंडाने काही बोलावं लागायचं नाही.” आणि ते हसले. माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला, आठवत नाही. घरी कशी पोहोचले, तेही नाही. मी हादरले, अजून सावरलेले नाही. एकतीस वर्षे मी बिनचूक टंकून मुलांचा केसाने गळा कापला, आणि ती मुले माझ्या टेबलाशी येऊन माझेच आभार मानून गेली.

४. कपाटात छोट्या पत्रांच्या दोनशे अठरा कार्बनप्रती आहेत. वकिलांनी पत्ते शोधून ज्याची प्रत त्याला पोहोचवावी, सोबत कलम तीन जोडावे. ‘तुमचे काही कमी पडले नव्हते’ असे प्रत्येकीवर मी हाताने लिहिले आहे.

५. हे कागद माझ्या पश्चात उघडायचे होते. पण मेल्यावर माफी मागणे हा शुद्ध पळपुटेपणा. म्हणून काल पुतणीला बोलावले आणि तिची प्रत दिली. तिने ती दोनदा वाचली.

“चांगलंच लिहिलंय की, आत्या,” ती म्हणाली. “मग घेतलं का नाही मला?”

मी सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, प्रत पिशवीत ठेवली आणि कारखान्यातल्या पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेली. घर व ठेव ती स्वीकारील की नाही, मला माहीत नाही. न स्वीकारल्यास कोणीही तिला आग्रह करू नये.

करून देणार : टंकलेखिका (सही)
साक्षीदार : १. शेजारच्या शिवणकामवाल्या काकू (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ४ मार्च, सोमवार