शर्यतीला येताना नारळ आणू नये

बदलापूर गाव,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८७६

तीर्थरूप सौ. काशीताईस धाकट्या बाळाजीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? एरंडाचं पान शेकून बांधतेस ना? दाजींचा खोकला, म्हशीचं दूध, शिवमंदिराच्या वाटेवर तुम्ही लावलेली पपई, सगळ्यांची खुशाली कळव. आम्ही इकडे मजेत आहोत. (मजेत म्हणजे घरातल्या तिघांपैकी दोघं एकमेकांशी बोलतात. तिसरीचं पुढे येईलच.)

तुझं कार्ड पोचलं. बारा तारखेच्या रविवारी तुमच्या मालिनीच्या शाळेची होडी आमच्या उमाच्या शाळेच्या होडीशी उल्हास नदीत शर्यत लावणार, तर आईबापांनी बघायला जाताना काय न्यावं, कुठं बसावं, कसं वागावं, असं तू विचारलंस. अगदी योग्य माणसाला विचारलंस. अकरा दिवसांपूर्वी उमाची पहिली शर्यत उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका शाळेशी झाली, आणि पालकाने कसं वागू नये याबाबतीत या तालुक्यात माझ्याइतका जाणकार आता दुसरा उरलेला नाही.

पहिलं म्हणजे लवकर ये. शर्यत नऊची सांगतात आणि साडेदहाला सुरू होते, तरी तू सातलाच ये. बसायला गोणपाट आण, खुर्ची नको. (मी शाळेची खुर्ची मागून घेतली होती. ती गाळात इतकी हळूहळू रुतत गेली की तासाभराने मला वाटलं, समोरचा काठच उंच होतोय.) सातला नदीवर धुकं असतं. पलीकडचं काही दिसत नाही, नुसतं कुणीतरी कपडे आपटल्याचं ऐकू येतं, आणि तेही इतक्या लांबून, जणू मागच्या वर्षीचं कुणी आज आपटतंय. मग धुकं पाण्यावरून सुटतं आणि एकेक झाड आपापल्या जागी येऊन उभं राहतं. ताई, मी तिथे कशाला आलोय हेच विसरलो. आपण खाडीकाठी राहत होतो तेव्हा बाबा मिठागरावरून येऊन पाय पाण्यात सोडून बसायचे, आणि आई चारदा हाक मारायची तरी उठायचे नाहीत. तेव्हा मला त्यांचा राग यायचा, भूक लागलेली असायची. त्या सकाळी मला ते पहिल्यांदा समजले. माझी भाकरी पिशवीत तशीच राहिली.

शेजारी कॅम्प तीनमधले वाधूमल म्हणून कापडवाले बसले होते. त्यांची मुलगी समोरच्या होडीत, म्हणजे आम्ही एकमेकांचे शत्रूच. पण गृहस्थ गोड. सिंधू नदीच्या काठी वाढलेले, सात वर्षांपूर्वी सगळं मागे टाकून इकडे आले. उल्हासकडे बराच वेळ बघून म्हणाले, "साईं, नदी छोटी है. पर पानी तो पानी है." मग उठले, काठावर वाकले आणि रुमालातले चिमूटभर तांदूळ नि साखर पाण्यात सोडून हात जोडले. परत येऊन बसले तेव्हा डोळे ओले होते. माझेही झाले. आणि घोटाळा इथूनच सुरू झाला. कारण मला वाटलं, परका माणूस आपल्या नदीला चार दाणे देतो, आणि आपण आगऱ्याच्या पोटचे, नदीकाठी रिकाम्या हाताने बसलोय! (रिकाम्या हाताने नव्हतोच. उमाच्या आईने, कौसाने, जिंकल्यावर फोडायला म्हणून शेंडीचा नारळ पिशवीत घातलेला होता.)

आता शर्यत कशी असते ते सांगतो, म्हणजे तुझी निराशा होणार नाही. साडेतीन तास काही होत नाही. मग कुमुदिनीबाई घंटा देतात. (या उमाच्या मुख्याध्यापिका. पोरींनी वल्ही मारावीत हे खूळ त्यांचं. आधी मी त्याला खूळ म्हणायचो, आता म्हणत नाही.) वळणावर दोन ठिपके दिसतात. ते ठिपके बराच वेळ ठिपकेच राहतात, आणि एकदम त्यांना वेण्या फुटतात. आमची होडी दोन हात पुढे होती. चौघी वल्हवत होत्या आणि मागे सुकाणू धरून उमा ताल देत होती. घरात जिला पाणी भर म्हटलं तर ऐकू येत नाही, तिचा आवाज नदीच्या दोन्ही काठांना ऐकू येत होता. ऊन तिच्या तोंडावर होतं. मला इतका आनंद झाला ताई, की तो कुठे ठेवावा ते कळेना. म्हणून मी उभा राहिलो आणि नारळ नदीला दिला. भर प्रवाहात, लांब, आणि सवयीने ओरडलो, "घे!"

तुला पुढचं सांगायला नको. आपल्या घरात पोरांना पोहायला कसं शिकवतात ते तुला माहीतच आहे. नारळ लांब फेकायचा आणि "घे" म्हणायचं. जो काढून आणील त्याचं वर्ष चांगलं जातं, खोबरंही त्याचंच. उमाला मी पाच वर्षांची असल्यापासून असंच शिकवलं. तुमची मालिनीही मेच्या सुट्टीत दरवर्षी याच नारळामागे गटांगळ्या खात तयार झाली. तर उमाने नारळ बघितला, आणि तिच्या हाताने तिला न विचारताच सुकाणू फिरवलं. होडी सरळ नारळाकडे. चौघींना कळेना आपण कुठे चाललो, पण ताल चालू होता म्हणून त्याही जीव खाऊन वल्हवत राहिल्या. उमाने नारळ उचलला, वर धरला, हसली. आणि मग तिला दिसलं की कॅम्पातली होडी शेवटच्या खुणेच्या बांबूपुढे गेलेली आहे.

ते हसू तिच्या तोंडावरून उतरताना मी बघितलं. मी नको तिथे नको तेव्हा आनंदलो, एवढाच माझा गुन्हा. पण पोरीने चार महिने हाताला फोड आणले होते. कौसा मला एवढंच म्हणाली, "नदीनं मागला व्हता का तुमच्याकरं?" वाधूमल दुसऱ्या दिवशी घरी मिठाई घेऊन आले आणि माझे आभार मानून गेले, ते तर फारच जिव्हारी लागलं. उमा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तो नारळ तिने भिंतीतल्या देवळीत ठेवलाय, माझ्या ताटाच्या बरोबर समोर. फोडतही नाही.

असो. तर गोणपाट, भाकरी, डोक्याला बांधायला टापर, एवढं पुरे. होडीतल्या पोरीला हात करू नये, ती उलट हात करते. दाजींना सप्रेम नमस्कार, मालिनीला आशीर्वाद.

तुझा,
बाळाजी

ता. क. : एक लिहायचं राहिलं. खरं तर तेवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. कुमुदिनीबाईंची चिठ्ठी आली आहे, की उमाच्या वडिलांनी पुढच्या शर्यतीला बदलापूरच्या पालकांत दिसू नये. मी मालिनीचा मामा आहे, आणि मामाबद्दल चिठ्ठीत काही नाही. तर मला तुमच्या अंबरनाथच्या पालकांत बसू दे. मी मालिनीच्याच नावाने ओरडेन. चुकून दुसरं नाव तोंडात आलं तर माझ्या तोंडात भाकरी कोंब. पण पोरीला एकदा पुढे गेलेली मला बघायची आहे गं.

पुन्हा ता. क. : हे पाकीट पोस्टात टाकायला उमाकडे दिलं. तिने ते तिथेच उघडून सगळं वाचलं. मग देवळीतला नारळ काढून माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्याजवळच बसा. तिकडून टाकलात की मालिनी वळेल."

ताई, अकरा दिवसांनी बोलली. एवढं मोठं वाक्य बोलली. तू माझी थोरली बहीण, तुझ्याशी खोटं कसं बोलू? रविवारी मी आलो की आधी माझी पिशवी तपास.