आहेराचे ॲप्रन

सोलापूर,
कोजागिरीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप आप्पामामांच्या पायांवर अभिमन्यूचं डोकं. (खरं तर हे डोकं कुणाच्याही पायांवर ठेवण्याच्या लायकीचं उरलेलं नाही, पण तुम्ही सख्खे मामा, चालवून घ्याल.) इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, खुशाल आहोत असं लिहायला हात धजत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून, चार महिने सांगलीला मुलाकडे राहून तुम्ही मंगळवेढ्याला परत आलात आणि आता चष्म्याशिवाय पेपर वाचता, असं मामींकडून कळलं. म्हणूनच फोन न करता लिहितो आहे. फोनवर तुम्हाला माझं 'हॅलो' तेवढं ऐकू येतं, पुढचं सगळं तुम्हीच बोलता. हे पत्र स्वतः वाचा. अक्षर लागलं नाही तर मामींकडून वाचून घ्या, पण तुमच्याच गल्लीत माझी पिंकी नांदते म्हणून तिला वाचायला बोलावू नका. हात जोडून सांगतो.

पिंकीचं लग्न जुळवलंत तुम्ही, आणि लग्नाच्या दिवशी नेमके तुम्हीच डोळ्याला पट्टी लावून घरी राहिलात. तुम्ही मांडवात असता तर मला वेळेवर एक कानाखाली बसली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं. आता काय झालं ते ऐका. आपला धंदा तुम्हाला ठाऊकच आहे: आठ मशिनी, शाळांचे गणवेश, रखवालदारांच्या खाकी पँटी आणि अधूनमधून डॉक्टर लोकांचे पांढरे ॲप्रन. फाल्गुनात पुण्याच्या एका मसालेवाल्याची तीनशे ॲप्रनांची ऑर्डर आली. स्वयंपाकघरात घालतात तसले; गडद हिरवं कापड, गळ्यात अडकवायला पट्टा, पाठीमागे नाडी, पोटावर मांजर मावेल एवढा खिसा, आणि छातीवर वीतभर लांबीची लालभडक मिरची. माल शिवून तयार झाला आणि मसालेवाल्यानं दुकानच गुंडाळलं. गठ्ठे कारखान्यात मावेनात म्हणून घरात आले, घरात मावेनात म्हणून देव्हाऱ्याखाली सरकले. तुमची भाचेसून वैजयंती दोन महिने गठ्ठ्यांवर उभी राहून देवाला दिवा लावत होती.

अशात लग्नाचा आहेर काढायची वेळ आली. आता मामा, खरं सांगा, लग्नातली टॉवेल-टोपी कोण वापरतं? ती टोपी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात हिंडते. मी तुम्हाला दिलेली टोपी तुम्ही मला वास्तुशांतीत परत घातलीत. (आत निळ्या पेनची माझीच खूण होती.) तर मला वाटलं, माणसाच्या उपयोगी पडेल असं काही तरी द्यावं. टोप्या आणल्या, पण टॉवेलाऐवजी ॲप्रन. वैजयंतीनं कपाळाला हात लावला. तो हात तिनं अजून खाली घेतलेला नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण फोटोत वाढपी नीटनेटके दिसावेत म्हणून केटरर बिरप्पाच्या तीस पोरांनाही मीच त्याच गठ्ठ्यातले तीस ॲप्रन दिले. हे मी स्वतःच्या बुद्धीनं केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आहेर हातात देऊन भागत नाही, अंगावर घालावा लागतो, आणि अंगावर घातलेला आहेर मांडवात उतरवणं बरं दिसत नाही. माईकवरून नावं पुकारली गेली. आपले व्याही उदयसिंहराव पुढे आले. कोल्हापुरी फेटा, ओठांवर न मावणारी मिशी, आणि छातीवर मिरची. पाठीमागची नाडी मी स्वतः बांधली. पाठोपाठ त्यांचे पाच भाऊ. सगळे ओळीनं उभे राहिले तेव्हा मला भरून आलं, काय शिवण बसली होती! मग पंगत बसली. वळसंगचे आपले कल्लप्पाआज्जा, वय ऐंशीच्या पुढं, पानावर नुसता भात घेऊन बसले होते. त्यांना समोर मिरची दिसली. ते म्हणाले, "ओ मिरचीवालं, हिकडं आमटी आणा की. कवाधरनं बसलोय."

उदयसिंहरावांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. एवढ्यात घाईत निघालेल्या एका वाढप्यानं हातातली बादली त्यांच्याच हातात दिली आणि तो दुसरी आणायला पळाला. मोठ्या मनाचा माणूस, म्हाताऱ्याला उपाशी कसं ठेवणार? वाढली आमटी. शेजारच्यानं वाटी पुढं केली, त्यालाही वाढली. थोरला भाऊ वाकलेला पाहिल्यावर पाची भाऊ कामाला लागले. कुणी भात घेतला, कुणी जिलबी. मामा, मुलीच्या बापानं वरपक्षाची ताटं उचलायची, असा आपला रिवाज, आणि इथं वरबाप मुलीकडच्या तीन पंगती उठवत होता. मी लांबून बघत होतो. मला वाटलं, बिरप्पानं यंदा वयस्कर पण चलाख माणसं आणली आहेत. जवळ जाऊन एकाच्या पाठीवर थाप मारली आणि मठ्ठा कुठं अडकला म्हणून दरडावलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, "आणतो," म्हणाले आणि गेले. मिशी मला तेव्हा ओळखू आली. त्यांनी मठ्ठा आणला, मामा. मी तो उभ्यानं प्यालो. दुसरं काय करणार?

तिथून जे ग्रहण लागलं ते लागलं. पहिली पंचमी, पिंकी माहेरी आली नाही. मी लिंबाला झोका बांधला होता, तो चार दिवस वाऱ्यानं हलत राहिला, मग सोडून ठेवला. आता पहिला दिवाळसण तोंडावर आला तरी मंगळवेढ्याहून शब्द नाही. आणि मला विसरूही कुणी देत नाही. आहेरात गेलेले ॲप्रन गावोगाव पसरलेत. वळसंगला गेलो तर कल्लप्पाआज्जांच्या नातीचं बाळ ॲप्रनच्या झोळीत झोपलेलं, वर मिरची. रस्त्यात एका मोटारसायकलच्या सीटवर मिरची. न्हाव्याकडे दाढीला बसलो, त्यानं माझ्याच गळ्यात माझाच ॲप्रन अडकवला. एका शेतातलं बुजगावणं तर तो घालून असं उभं होतं, की मी सवयीनं हात जोडले.

शेवटी मनाशी ठरवलं, ॲप्रन म्हणजे आचाऱ्याचं फडकं नव्हे, हे व्याह्यांना पटवायचं. डॉक्टर घालतो तो पांढरा झगा म्हणजे ॲप्रन. तुमचे दाजी, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये होते, तिथं कापसाचा पेळू दाबून धरणारा रबरी पट्टा असायचा, त्यालाही ॲप्रनच म्हणायचे. तो तुटला तर अख्खं खातं थांबायचं. विमानतळावर विमान ज्या फरशीवर उभं करतात तिचं नाव ॲप्रन, असं मी पेपरात वाचलंय. एवढ्या मानाची वस्तू! तर मी उदयसिंहरावांच्या मापाच्या अंदाजानं डॉक्टरी पांढरा ॲप्रन शिवला, खिशावर त्यांचं नाव काढलं आणि परवा मंगळवेढ्याला गेलो. (तुमच्याकडे आलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली.) त्यांनी तो घातलासुद्धा. घालून उंबऱ्यात उभे राहिले, तर समोरच्या गोजरबाई आल्या, पायरीवर बसल्या, गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेतलं आणि म्हणाल्या, "डाक्टर, हितं ठणकतंय बगा." आपला जन्मभराचा शेजारी त्यांना ओळखू आला नाही. पुढचं लिहवत नाही. मामा, माझं काही खरं नाही. मशिनी विकून कुठं तरी निघून जावंसं वाटतं, पण घालून जायला घरात ॲप्रनशिवाय धड कापडही राहिलेलं नाही.

मामींना नमस्कार. डोळा जपा.

तुमचा कपाळकरंटा भाचा,
अभिमन्यू

ता. क. पुढचं लिहवत नाही म्हणालो, पण लिहिल्याशिवाय तुम्हाला काही कळणार नाही. उदयसिंहराव रागावलेले नाहीत. गोजरबाईंचा गुडघा बघून पोट धरून हसले. मिरचीचा ॲप्रन त्यांच्या गोठ्यात खुंटीला आहे, रोज धार काढताना घालतात. मला म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या मांडवात वाढताना मिरवलो तेवढं मी माज्या लग्नात बी न्हाय मिरवलो. आमी न्हाय रुसलो. तुमची पोरगी रुसलीया."

आणखी ता. क. निघताना पिंकी फाटकापाशी आली. पाणी दिलं. म्हणाली, "अण्णा, शाळेत माझं दप्तर खाकी पँटीच्या तुकड्यांचं होतं. वाढदिवसाचा फ्रॉक दुसऱ्या शाळेच्या गणवेशाचा होता. मी कधी काही बोलले नाही. पण माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही पडून राहिलेला मालच काढलात." मी घोट घेऊन तांब्या परत दिला. मामा, मला खरोखर वाटत होतं, की शिवण चांगली आहे म्हणजे झालं. रस्ताभर एसटीत मी रडलो.

शेवटचं ता. क. म्हणजे मूळ काम. सोबत गाठोडं पाठवतोय. त्यात पिंकीसाठी इरकल साडी आहे. दुकानातून आणली आहे. माझ्या मशिनीखालून गेलेली नाही, काठाला टाकासुद्धा मी घातलेला नाही. पावती घडीतच ठेवली आहे, ती काढू नका. तिला दिसू दे की बापानं तिच्यासाठी दुकानात जाऊन काही तरी घेतलं. तेवढी तिच्या हातात द्या आणि दिवाळीला जावयासह येशील का, एवढंच विचारा. तुमचं ती ऐकते. फक्त एक करा. घाईत गाठोडं बांधायला घरात दुसरं काही सापडलं नाही. वरचं हिरवं कापड आधी सोडून चुलीत घाला आणि मगच तिच्याकडे जा.