भरलेल्या बॅटरीचा ब्रेक

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार (उजव्या गुडघ्याला पट्टी असल्यामुळे तूर्त सातच अंगांचा, आठवं बरं झालं की तेही हजर होईल). तुमची पाठ आता कशी आहे? आईंचा खोकला थांबला का? मी इकडे ठीक आहे, निदान विचारणाऱ्याला तसं सांगतो. पत्र लिहितोय, कारण तुमची लेक माझा फोन उचलत नाही आणि तुम्ही उचलता, पण "सगळं बरं आहे, वीज जपून वापरा" म्हणून लगेच ठेवून देता. पस्तीस वर्षं दारोदार वीजमीटर वाचत फिरलेल्या माणसाला आकडा घेतला की पुढच्या दाराला लागायची सवय असणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हिला तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. 'मी स्टॉपवर दोन तास ताटकळले आणि हे महाशय माझ्यासमोरून हात हलवून निघून गेले,' असं तिने सांगितलं असेल. ते अक्षरशः खरं आहे. पण त्याला एक विजेची बाजू आहे, आणि ती समजेल असा माणूस आपल्या सगळ्या गोतावळ्यात तुम्ही एकटेच आहात.

तर मी एक फळी केली आहे. लहान मुलं चाकांच्या फळीवर उभी राहून घसरत जातात ना, तिचीच ही थोरली बहीण. हवा भरलेली चार जाड चाकं (हातगाडीची), पाय अडकवायला पट्टे, खाली मोटर, आणि हातात वेग कमीजास्त करायचा रिमोट. डोंगरातल्या कच्च्या वाटेवरही चालते. बॅटरी मी जुन्या लॅपटॉपमधले चाळीस सेल काढून, चार-चारांचे दहा गट करून जोडली आणि हिच्या साखरेच्या डब्यात बसवली. साखर सध्या तांब्यात आहे. आता शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला, तेही पन्नाशी उलटल्यावर, हा उद्योग कशाला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. शेजारच्या काकू तर रोजच म्हणतात. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हिलाही नाही, आणि तिथेच माती खाल्ली. आमचं घर चढावर, स्टॉप खाली. ही दवाखान्यात दिवसभर उभी राहून येते आणि वर पिशव्या घेऊन तो चढ चढते. म्हटलं, सामान फळीवर बांधायचं, रिमोट हिच्या हातात द्यायचा, आणि दोघांनी मोकळ्या हाताने शेजारून चालत यायचं. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाहून ती परत येईल त्याच दिवशी एकदम दाखवायचं ठरवलं होतं.

बस दहाची. मी पहाटेच चार्जिंगला लावली. साडेनऊला नऊ गट जवळजवळ भरले आणि सातवा अडून बसला. (सातवा गट पहिल्यापासून तसाच आहे. आमच्या थोरल्या मेव्हण्यांसारखा, सगळे जेवून उठले तरी याचं चाललेलंच. हे त्यांना वाचून दाखवू नका.) तेव्हा निघायला हवं होतं हे मला आज कळतं. पण बाबा, शेवटचा टाका बरोबर पडल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला मशीन देत नाही, मग ते दारात बसून जांभया देईना का. तीच खोड इथे नडली. आता भरेल, मग भरेल, करता करता बारा वाजले. फोन दुकानात राहिला होता. सातव्यावर हिरवा दिवा लागला आणि मी शिरस्त्राण घालून निघालो.

आता विजेची गंमत ऐका. या फळीला वेगळा ब्रेक नाही. उतारावर रिमोटचा खटका मागे ओढला की मोटरच उलट वीज तयार करते, ती बॅटरीत परत भरते आणि त्या ओढीने फळी थांबते. मला याचा केवढा अभिमान होता, की उतरताना खर्च तर नाहीच, उलट जमा. पण ती जमा घ्यायला बॅटरीत जागा लागते. माझ्या बॅटरीत थेंबभर जागा नव्हती, सातव्या गटासाठी थांबून मी ती स्वतःच्या हाताने भरून टाकली होती. खटका ओढल्याबरोबर रक्षक सर्किटने जास्तीची वीज नाकारली, आणि विजेबरोबर ब्रेकही गेला. फळीने मला तिच्या मर्जीने खाली नेलं.

स्टॉपवर ही बॅगेवर बसली होती. मला बघून उठली. बाबा, ती हसली होती, हे मी पाहिलं. मी तोल सावरायला एक हात वर केला, आणि तिच्यासमोरून निघून गेलो. पुढे रोपवाटिकेच्या माळ्याने रचलेल्या पालापाचोळ्याच्या ढिगात थांबलो. गुडघा धरून, फळी ओढत परत आलो तर बाक रिकामा. पेपरवाला म्हणाला, "बाई उलट्या बसने गेल्या. काही बोलल्या नाहीत." न बोलता गेली म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

नंतर मी मोजलं. ती बॅग वर न्यायला बॅटरीचा विसावा भागही लागला नसता. साडेनऊला होती तेवढ्यावर मी निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो, ब्रेकही लागला असता, आणि आम्ही चालत घरी आलो असतो. अकरा दिवस मी हेच एक गणित पुन्हा पुन्हा करतोय. स्वतःच्या हातचं खाऊन माझं अडीच किलो वजन उतरलं, त्यामुळे फळी एका चार्जमध्ये जवळजवळ अर्धा किलोमीटर जास्त जाते. ती घरी नसल्याचा सापडलेला फायदा तो एवढाच.

आईंना नमस्कार. हिला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

आपला नम्र,
जावई

ता.क. १ : येत्या रविवारी सकाळी फळीवरून तुमच्याकडे येतो. अंतर चौदा किलोमीटर, आमचा उतार सोडला तर वाट सपाट, बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवून निघेन आणि पोचेपर्यंत ती संपेल. तरी पुढच्या खोलीतला, कपाटामागचा प्लग मला पाच तासांसाठी द्यावा. वीज अर्ध्या युनिटहून कमी लागेल, म्हणजे तुमच्या शर्टांवर अर्धा तास इस्त्री फिरते तेवढीच. आधीचं आणि नंतरचं रीडिंग तुम्ही स्वतः घ्या.

ता.क. २ : दीड तासात भरणारा दुसरा चार्जर मी परवाच केला आहे. तो आणणार नाही.

ता.क. ३ : तुमच्याकडे बस येते हे मला ठाऊक आहे. पण बसने आलो तर परतीची बस असते, आणि ही आतल्या खोलीतून बाहेर यायच्या आत तुम्ही मला तिची वेळ सांगाल.